पहिल्या गोळीच्या आधीचा विषाणू

कोकणातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात आज कुणाची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर औषधासाठी त्याला फार थांबावं लागत नाही. समुपदेशकाशी बोलणं होतं, सीडी-४ या प्रतिकारपेशी मोजण्यासाठी रक्त घेतात, खोकला-ताप आहे का ते विचारून क्षयरोगाची शंका फेडून घेतात, आणि बहुधा आठवड्याच्या आत टेनोफोव्हिर, लॅमिवुडीन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांची मिळून झालेली एकच गोळी त्याच्या हातात पडते. रोज एक, आणि तीही फुकट. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईहून आजारी होऊन परतलेली तरुण माणसं ज्यांनी गावात मरताना पाहिली आहेत, त्यांना या गोळीचं मोल सांगावं लागत नाही.

मला विचारायचं आहे ते या गोळीच्या आधीचं. त्या माणसाच्या कागदावर ‘एचआयव्ही-१’ एवढं लिहिलेलं असतं. तो नेमका कोणत्या उपप्रकाराचा, त्याच्या जनुकांत औषधाला दाद न देणारा एखादा बदल आधीपासूनच आहे का, आणि असे बदल आपल्या किनाऱ्यावरच्या नव्या रुग्णांत किती जणांत सापडतात, हे नेहमीच्या तपासण्यांतून कळत नाही. हे कळून घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक रुग्णाचा विषाणू वाचण्याचा, म्हणजे त्याचा जनुकक्रम तपासण्याचा, आग्रह मी धरत नाही. पण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि त्याला लागून असलेल्या गोव्यातल्या नव्या रुग्णांपैकी पुरेशा जणांच्या रक्ताचा नमुना, पहिली गोळी पोटात जाण्याआधी, ठरावीक वर्षांनी वाचला गेलाच पाहिजे.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

एचआयव्ही असं आपण एकवचनी म्हणतो, पण ते मोठं कुळ आहे. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ आणि पी असे गट आहेत. जगभर पसरला तो एम. त्या एम गटाचे पुन्हा ए, बी, सी, डी असे उपप्रकार, आणि एकाच माणसाच्या शरीरात दोन उपप्रकार भेटून तयार झालेले संकर वेगळेच. अमेरिका आणि पश्चिम युरोपात मुख्यतः बी. भारतात नव्वद टक्क्यांहून अधिक सी, आणि दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, मलावी, इथिओपियातही सीच. जगातल्या एकूण लागणींपैकी जवळजवळ निम्म्या सी उपप्रकाराच्या आहेत. बीच्या वाट्याला दहा-बारा टक्के येतात.

औषधांचा इतिहास मात्र बीच्या घरात घडला. १९८७ मध्ये झिडोव्हुडीनला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुळली, आणि या सगळ्या वाटचालीत प्रयोगशाळेतला विषाणू आणि चाचणीतला रुग्ण बहुतेक वेळा बी उपप्रकाराचाच होता. एखादा विषाणू औषधाला किती दबतो हे मोजायची रीत अशी: त्याची वाढ निम्म्यावर आणायला औषधाचं किती प्रमाण लागतं ते पाहायचं आणि तो आकडा एका प्रमाण विषाणूच्या आकड्याशी ताडायचा. तो प्रमाण विषाणू बी. विषाणूच्या जनुकांतल्या जागांना क्रमांक देतात तेही एचएक्सबी-२ नावाच्या बी विषाणूवरून. मुंबईच्या भरती-ओहोटीचं कोष्टक हातात धरून देवगडच्या खाडीत होडी घालणारा माणूस अगदीच अडाणी नसतो, कारण समुद्र तोच आणि चंद्रही तोच. पण वेळेचा फरक त्याला ठाऊक असावा लागतो. बीवर बेतलेलं ज्ञान सीच्या मुलखात वापरताना आपल्याला तो फरक ठाऊक हवा.

आता फरक किती, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण इथे भीती पसरवणं सोपं आहे. ज्यांनी कधीच औषध घेतलेलं नाही अशा रुग्णांच्या रक्तातून वेगवेगळ्या उपप्रकारांचे विषाणू वाढवून औषधांसमोर उभे केले, तेव्हा एम गटातले बहुतेक उपप्रकार बहुतेक औषधांना बीइतकेच दबले. सीच्या प्रोटीएझ या विकरात (एन्झाइममध्ये) बीपेक्षा वेगळी अमिनो आम्लं ठिकठिकाणी दिसतात. ३६ व्या, ६९ व्या, ८९ व्या, ९३ व्या जागेवर. बीच्या रुग्णांत औषध घेतल्यानंतर यातले काही बदल दिसत, म्हणून सुरुवातीला शंका आली की सी जन्मतःच अर्धा रोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण, घेऊन आला आहे की काय. तसं निघालं नाही. ते त्याचे जन्मजात वळसे आहेत, आणि त्यांच्यामुळे औषध निकामी होत नाही. सी उपप्रकाराचा विषाणू असलेल्या माणसानं ‘आपल्याला औषध लागू पडणार नाही’ असं मनात आणू नये. लागू पडतं, आणि उत्तम पडतं.

पण ‘बहुतेक’ या शब्दाच्या बाहेर जे उरतं त्यातलं काही थेट आपल्या किनाऱ्याशी येऊन भिडतं.

पश्चिम आफ्रिकेत एचआयव्ही-२ नावाचा वेगळाच विषाणू आहे. १९८६ मध्ये तो ओळखला गेला, तेही पोर्तुगालमध्ये उपचार घेत असलेल्या पश्चिम आफ्रिकी रुग्णांच्या रक्तातून. पुढे जगाच्या नकाशावर त्याचे ठिपके पडले ते पोर्तुगालचा संबंध होता त्या भागांत ठळकपणे: गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, अंगोला, मोझांबिक. भारतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबई आणि गोव्याकडून त्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली असलेला गोवा, जहाजांवर जाणारे तारवटी, बंदरांची ये-जा, हे सगळं पाहिलं तर यात नवल वाटू नये. त्याचं प्रमाण एचआयव्ही-१ च्या तुलनेत अगदी थोडं आहे, तो सावकाश वाढतो आणि कमी पसरतो. मात्र नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. ज्या रुग्णानं आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्यावरही नाहीत. हा रोध जन्माचाच.

आणि आपल्या देशात १ एप्रिल २००४ ला मोफत उपचार सुरू झाल्यापासून डॉल्युटेग्रॅव्हिर येईपर्यंतची जवळपास सोळा वर्षं पहिल्या फळीच्या उपचाराचा एक खांब नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ हाच होता. एचआयव्ही-२ असलेल्या रुग्णासाठी मार्गदर्शक सूचना वेगळ्या होत्या, हे खरं. पण त्या लागू व्हायला आधी तो एचआयव्ही-२ आहे हे कळावं लागतं. तसं न कळता ज्याला नेहमीची गोळी मिळाली, तो कागदोपत्री तीन औषधांवर आणि प्रत्यक्षात दोनांवर जगत होता.

डॉल्युटेग्रॅव्हिर एचआयव्ही-२ वरही काम करतं, त्यामुळे ती अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे. दुसरी तशीच आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजणाऱ्या नेहमीच्या चाचण्या एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या आहेत. एचआयव्ही-२ त्यांना दिसत नाही. म्हणजे औषध न घेणाऱ्या, खंगत चाललेल्या माणसाचाही अहवाल ‘विषाणू आढळला नाही’ असा येऊ शकतो. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी येणारा तो कागद पाहून डॉक्टर पाठ थोपटणार, रुग्ण निर्धास्त होणार, आणि सीडी-४ का घसरतोय याचं कोडं कुणाला सुटणार नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची माणसं कामाला म्हापसा-मडगावला जातात आणि मोठ्या आजाराला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. तेरेखोल नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं, ही गोष्ट विषाणूला ठाऊक नसते. ज्या पट्ट्यात एचआयव्ही-२ ची जुनी नोंद आहे, तिथे एक आणि दोनमधला फरक पहिल्याच तपासणीत पक्का करून घेण्याची काळजी देशातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त घ्यायला हवी.

आता सीकडे येतो. उपचार न घेतलेल्या सी रुग्णाचा विषाणू औषधाला बीइतकाच दबतो, असं वर म्हटलं. पण तो औषधातून निसटायला लागला की वाट वेगळी धरतो. या मुद्द्यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिन ज्या विकराला धरतात त्याच्या १०६ व्या जागेवर व्हॅलीन हे अमिनो आम्ल असतं. ते जाऊन तिथे मेथिओनीन आलं की ही दोन्ही औषधं निकामी होतात. बी विषाणूच्या जनुकात त्या जागेची अक्षरं जी-टी-ए अशी असतात. मेथिओनीनसाठी ए-टी-जी लागतं, म्हणजे दोन अक्षरं बदलायला हवीत. सीमध्ये तिथे आधीच जी-टी-जी असतं. एक अक्षर बदललं की काम झालं. बीला दोन उड्या लागतात तिथे सी एका उडीत पोचतो, आणि म्हणून हा बदल सीच्या रुग्णांत कितीतरी जास्त दिसला. असाच प्रकार ६५ व्या जागेचा. तिथला बदल टेनोफोव्हिरचा जोर कमी करतो, आणि त्या जागेच्या आसपासची अक्षरांची मांडणी सीमध्ये अशी आहे की नक्कल करताना विकर तिथे जास्त सहज चुकतं. टेनोफोव्हिर आपल्या आजच्या गोळीतही आहे.

म्हणजे पहिल्या दिवशी दोघेही सारखेच दबणारे. गोळ्या चुकायला लागल्या, पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला नेपाळी खलाशी दोन महिने गावी गेला आणि पुरेशा गोळ्या बरोबर नेल्या नाहीत, की दोघांची वाट फुटते. सुरुवातीची संवेदनशीलता मोजून ‘फरक नाही’ असं म्हणणारा अभ्यास खोटा नसतो. तो फक्त पहिल्या दिवशी थांबलेला असतो.

याची किंमत कुणी मोजली ते सांगतो. १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीनं दाखवलं की बाळंतकळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याचा एक डोस दिला, तर झिडोव्हुडीनच्या लहान कोर्सच्या तुलनेत बाळाला लागण होण्याचं प्रमाण निम्म्याच्या जवळ येतं. स्वस्त, सोपं, खेड्यातल्या बाळंतपणातही देता येण्यासारखं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतानंही ते स्वीकारलं आणि जवळपास दशकभर चालवलं. त्यानं असंख्य बाळं वाचली आणि त्या काळात तो निर्णय बरोबरच होता, याबद्दल मला शंका नाही.

पण नेव्हिरापिन रक्तात बराच काळ रेंगाळतं. एका गोळीनंतर त्याची मात्रा हळूहळू उतरत असताना विषाणू त्याच्यासोबत एकटाच असतो, दुसरं औषध नसतं. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी आयांचं रक्त तपासलं तेव्हा ए उपप्रकाराच्या सुमारे एक पंचमांश स्त्रियांत नेव्हिरापिनला रोध दिसला, डीच्या एक तृतीयांशांत, आणि सीच्या दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रियांत. ए आणि डीच्या स्त्रिया युगांडातल्या होत्या, सीच्या मलावीतल्या. तीच गोळी, तोच डोस. २००७ मध्ये बोत्स्वानातून पुढचा आकडा आला: ज्या स्त्रियांना अशी एक गोळी मिळाली होती आणि सहा महिन्यांच्या आत नेव्हिरापिनचा समावेश असलेला उपचार सुरू झाला, त्यांतल्या दहांपैकी चौघींचा उपचार फसला. सहा महिने उलटल्यावर सुरू केला तर तसं होत नव्हतं.

हे वाचताना आपल्याकडच्या आया डोळ्यांसमोर येतात. सी उपप्रकाराचा देश, बाळंतपणात नेव्हिरापिनची एक गोळी, आणि २००४ नंतर स्वतःचा उपचार सुरू झाला तो पुन्हा नेव्हिरापिनचाच. नेव्हिरापिनवर आपली भिस्त असण्याला कारण होतं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं स्टॅव्हुडीन, लॅमिवुडीन आणि नेव्हिरापिन हा तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा जगात त्याच्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत होते. त्या घोषणेनं आफ्रिकेतले आणि आशियातले लाखो जीव वाचले; महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ती गोष्ट आहे. पण स्वस्त औषध देशभर पोचवण्याची जेवढी जिद्द आपण दाखवली, तेवढी ते औषध आपल्या विषाणूवर कसं वागतं हे मोजण्यात दाखवली नाही. भारतात यावर छोटे अभ्यास झाले, पण धोरणाला वळवणारे आकडे मलावी, युगांडा आणि बोत्स्वानातून आले. आपल्यापेक्षा कितीतरी लहान देशांनी स्वतःच्या बायकांचं रक्त तपासून जे शोधलं, त्याचा लाभ आपण घेतला. आपल्याकडे १९९२ पासून पुण्याला भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे (आता तिचं नाव बदललं आहे), त्याच वर्षी स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) आहे, तंत्रज्ञ आहेत, औषधनिर्मितीत तर आपण जगाचे पुरवठादार. तरी हे असं का व्हावं?

आफ्रिकेतला सी आणि आपला सी यांतही अंतर आहे. भारतातले सी विषाणू वंशवृक्षावर बहुतांशी आपली वेगळी फांदी करून बसलेले दिसतात. थोड्याच प्रवेशांतून ते इथे वाढले. म्हणून तिकडचे आकडे वाटाड्याचं काम करतील, पण आपल्या मोजणीची जागा घेणार नाहीत.

मोजणीला कोकणात आणखी एक कारण आहे, आणि ते विषाणूपेक्षा माणसाचं आहे. ‘उपचार न घेतलेला रुग्ण’ हा शब्दप्रयोग शोधनिबंधात स्वच्छ दिसतो. इथे तो तसा राहत नाही. मुंबईला गिरणीत, हॉटेलात, गोदीत आयुष्य काढून परतलेला चाकरमानी. आखातात व्हिसाच्या चाचणीत पॉझिटिव्ह निघून परत पाठवलेला मुलगा, ज्यानं घरी सांगितलं की कंपनी बंद पडली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर माहेरी आलेली बाई, जिनं मुंबईत असताना काही महिने गोळ्या घेतल्या होत्या आणि आता ते कुणाला कळू नये म्हणून नवं नाव नोंदवते. समुपदेशकानं विचारलं, आधी कधी औषध चालू होतं का, की उत्तर ठरलेलं: ‘नाय हो बाई, मी खंयच गोळी घेवक नाय.’ ती खोटं बोलते ते भीतीपोटी. मध्येच औषध सोडलं म्हणून आपल्यावर कुणी ओरडेल, जुन्या केंद्राला फोन जाईल, तिथून गावात बातमी येईल, ही ती भीती. तिच्या विषाणूत जुन्या औषधाचा ठसा राहिलेला असू शकतो, पण नोंदवहीत ती ‘नवी’ असते. आणि दुसरी एखादी बाई ज्याच्याकडून बाधित झाली त्यानं औषधं अर्धवट घेतली असतील, तर एकही गोळी न घेता ती रोध असलेला विषाणू घेऊन आलेली असते.

उपचाराआधीच्या नमुन्यात हे तीनही प्रकार एकत्र येतात: उपप्रकाराचे जन्मजात वळसे, दुसऱ्याकडून आलेला रोध, आणि लपवलेला जुना उपचार. त्यांची सरमिसळ सोडवायची तर जनुकक्रम वाचणं आणि माणसाशी नीट बोलणं दोन्ही लागतं. आधी औषध घेतल्याचं सांगितलं तरी काही बिघडणार नाही, उलट उपचार जास्त चांगला होईल, हा विश्वास समुपदेशकाला देता आला पाहिजे. एका समुपदेशकावर इतक्या माणसांचा बोजा असताना तो विश्वास रुजवायला वेळ कुठून येणार, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या यंत्राइतकाच खर्चाचा आहे आणि तो खर्च सरकारनं केला पाहिजे.

या सगळ्याला एक वजनदार उत्तर दिलं जातं, आणि देणारे या विषयातले जाणकार असतात. ते म्हणतात, आता डॉल्युटेग्रॅव्हिर आलं. सगळ्या उपप्रकारांवर चालतं, त्याला रोध सहज येत नाही, मग जुन्या औषधांच्या १०६ व्या जागेची चिंता कशाला? या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. उपचाराआधीच नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झला रोध असलेल्यांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं तर त्या औषधांनी सुरुवात करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं. बऱ्याच देशांत ते गेलं, आणि डॉल्युटेग्रॅव्हिरकडे सगळं जग वळलं त्यामागे हेही एक कारण होतं. पण यातूनच दिसतं की तो निर्णय मोजणीवर उभा होता. कुणीतरी नव्या रुग्णांचे विषाणू वाचले म्हणून धोक्याची पातळी कळली.

शिवाय याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, डॉल्युटेग्रॅव्हिर घेत असूनही विषाणू आटोक्यात नसलेल्या रुग्णांत त्या औषधाला रोध ३.९ ते ८.६ टक्के आढळला. आणि विषाणूचं प्रमाण जास्त असतानाच जुन्या औषधावरून या औषधावर आणलेल्यांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. हे आकडे सगळ्या रुग्णांचे नव्हेत, उपचार न जमलेल्यांचे आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचावेत. तरी आज जो रोध उपचार घेणाऱ्यांत दिसतो, तो उद्या नव्या लागणीतून कधीच गोळी न घेतलेल्यात उतरतो, हा या विषाणूचा जुना शिरस्ता आहे. नेव्हिरापिनच्या वेळी तेच झालं.

पुढच्या औषधांत तर उपप्रकाराचा प्रश्न पुन्हा समोर उभा आहे. कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं फसण्याचा धोका ए-६ या उपप्रकारात वाढलेला दिसला. फोस्टेमसॅव्हिर या औषधाचा आग्नेय आशियातल्या एई या संकरावर जन्मतःच परिणाम होत नाही. रोज गोळी खायला नको, महिन्या-दोन महिन्यांनी सुई, ही सोय आपल्या खलाशाला, ट्रकचालकाला, घरात गोळीची बाटली लपवणाऱ्या बाईला सगळ्यांत जास्त हवी आहे. ती आपल्या दारात येईल तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कोणते विषाणू फिरताहेत हे आधीच ठाऊक असावं, की तेव्हा शोधायला लागावं?

खर्चाचं म्हणाल, तर प्रत्येकाचा जनुकक्रम वाचणं आज परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. उपचार सुरू करणं त्यासाठी एक दिवसही लांबवू नये, हेही मी मानतो. रक्त घ्या, गोळी द्या, आणि निवडक नमुने पुढे पाठवा. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सर्वाधिक, सुमारे ३ लाख ९४ हजार एचआयव्हीग्रस्त महाराष्ट्रात आहेत. त्यातला कोकणातल्या जिल्ह्यांचा हिस्सा लहान, आणि लहान हिस्सा पाहणीत नेहमी गळतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या केंद्रांवर नमुने भराभर जमतात, तिथेच पाहणी उरकते. म्हणून किनारपट्टीसाठी वेगळा कोटा ठेवायला हवा. नमुना नेण्याची अडचणही सुटण्यासारखी आहे. बाळांच्या निदानासाठी कागदावर रक्ताचे थेंब वाळवून पाठवण्याची पद्धत आपल्याकडे कितीतरी वर्षं चालू आहे, आणि तशा थेंबांतून जनुकक्रम वाचता येतो. जून ते सप्टेंबर कोकणातली हवा इतकी दमट असते की थेंब नीट वाळत नाहीत आणि साठवणीत खराब होतात. तेव्हा ओल शोषणाऱ्या पुड्या आणि ओल दाखवणारं कार्ड पाकिटात घालायचं, दरड कोसळून घाट बंद झाला तर नमुने कुठे ठेवायचे ते आधी ठरवायचं. त्यासाठी कुठल्या नव्या शोधाची वाट पाहायला नको.

मला खरी काळजी वाटते ती गोपनीयतेची. विषाणूंचे जनुकक्रम शेजारी शेजारी मांडले तर कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा हे दिसतं. शहरात ते आकडेवारी राहील. चाळीस घरांच्या वाडीत ते एखाद्या बाईचं घर उद्ध्वस्त करेल. कोण कुठल्या दिवशी एसटीनं जिल्ह्याला जातो हेसुद्धा जिथे लपत नाही, आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणसं गोळ्यांसाठी परजिल्ह्यात जातात, तिथे हा धोका कल्पनेतला नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि माहिती उघड करायला बंदी घातली आहे. पाहणीची आखणी त्याच्याही पुढे जाऊन व्हावी: नमुन्यावरून नाव, गाव, तालुका काढून टाकायचा, जिल्ह्याऐवजी संपूर्ण किनारपट्टी हाच एकक धरायचा, कोण कोणाकडून बाधित झालं असा प्रश्न त्या माहितीला विचारायचाच नाही, आणि पोलिसांना किंवा न्यायालयीन भांडणात ती मिळणार नाही याची लेखी हमी द्यायची. एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या संघटनांना आखणीच्या पहिल्या बैठकीपासून बसवलं, तर यातल्या कितीतरी फटी आधीच बुजतील, कारण त्या कुठे असतात ते त्यांना सोसून कळलेलं आहे.

महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांनी यासाठी एकत्र बसायला हवं. सुरुवात एचआयव्ही-२ पासून करावी, कारण तिथे रुग्णाचं नुकसान आजच होऊ शकतं: सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ज्याच्या किटवर दोनची रेघ उमटली, त्याचा नमुना पक्क्या निदानासाठी गेला का, उत्तर परत आलं का, आणि त्याच्या विषाणूची मोजणी एचआयव्ही-२ साठी बनवलेल्या चाचणीनं होते का, याची एक सामाईक यादी, नावांशिवाय, दोन्हीकडच्या डॉक्टरांसमोर असावी.